रन : एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या काही महिन्यांतच जे शब्द शिकवले जातात, त्यांत ‘रन’ हा एक असतो. पाठ्यपुस्तकात धावणाऱ्या मुलाचे चित्र असते, त्याखाली तीन अक्षरांचा तो शब्द असतो, आणि ‘रन म्हणजे धावणे’ एवढे पाठ झाले की धडा संपतो. पुढे हेच मूल मोठे होऊन इंग्रजी वर्तमानपत्र वाचू लागते तेव्हा त्याची पंचाईत होते. तेथे नदी ‘रन’ करते आणि सर्दी झालेल्या माणसाचे नाकही ‘रन’ करते. यंत्र, दुकान, रस्ता, नाटकाचे प्रयोग, कराराची मुदत आणि न्यायालयाने दिलेली शिक्षा, ही सारी ‘रन’ करतात. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवारही ‘रन’ करतो. यांपैकी पाय असलेला, आणि म्हणून खरोखर धावू शकणारा, तो एकटाच. पण त्यालाही निवडून येण्यासाठी धावावे लागत नाही. सर्वांत सोपा म्हणून शिकलेला शब्दच सर्वांत निसटता आहे, हे वाचकाला अशा वेळी जाणवते.

हा अनुभव काही योगायोगाचा नाही. ज्यांना आपण अवघड शब्द म्हणतो ते बहुधा अर्थाच्या दृष्टीने सोपे असतात. ‘ऑक्सिजन’ म्हणजे एक विशिष्ट वायू. तेथे संदिग्धतेला वाव नाही. याउलट जे शब्द दिवसातून शंभरदा तोंडी येतात त्यांच्या अर्थांना अंत नसतो. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज किंग्जली झिफ यांनी १९४५ मध्ये शब्दांचा वापर आणि त्यांच्या अर्थांची संख्या यांचा परस्परसंबंध तपासला. जो शब्द अधिक वापरला जातो त्याचे अर्थही अधिक असतात, असे त्यांना आढळले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अर्थांची संख्या ही साधारणपणे वापराच्या प्रमाणाच्या वर्गमुळाबरोबर वाढते. हाताशी असलेल्या अवजाराने माणूस जसा दहा वेगवेगळी कामे उरकतो, तसेच तो ओळखीच्या शब्दाकडूनही दहा कामे करून घेतो.

कोशकारांची कसोटी

अशा शब्दांचा खरा जाच होतो तो शब्दकोश रचणाऱ्यांना. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रकाशित झाला. त्यात ‘टेक’ या एका क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदवलेले आहेत. ज्यांच्या अर्थाला नेमकी कड सापडत नाही अशा क्रियापदांची एक यादीच जॉन्सन यांनी प्रस्तावनेत दिली आहे, आणि त्या यादीत ‘रन’ आहे.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १८५७ मध्ये, रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी लंडनच्या भाषाशास्त्र मंडळासमोर तोवरच्या इंग्रजी कोशांतील उणिवा मांडल्या. शब्दाचा अर्थ सांगून भागत नाही, तर तो शब्द भाषेत केव्हा आला आणि कालांतराने कसकसा बदलत गेला याचा इतिहास कोशाने दिला पाहिजे, असा हा विचार होता. त्यातूनच ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे प्रचंड काम उभे राहिले. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची धुरा स्वीकारली. शेकडो स्वयंसेवक जुनीनवी पुस्तके वाचून त्यांतील वाक्ये कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवीत, आणि संपादक त्या चिठ्ठ्या अर्थानुसार निवडून त्यांचे गठ्ठे बांधीत. १८८४ मध्ये पहिला भाग बाहेर पडला आणि १९२८ मध्ये शेवटचा. हा शेवट पाहण्यास मरे हयात नव्हते. १९१५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. त्याच्या क्रियापदाचे अर्थच ४३० भरले. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या तेव्हा हा मान हळूहळू इतरांकडे गेला. २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि २०११ मध्ये ‘रन’ने आघाडी घेतली. ‘रन’च्या केवळ क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा नोंदवल्या गेल्या. ही एक नोंद सिद्ध करण्यास पीटर गिलिव्हर या संपादकांना सुमारे नऊ महिने लागले.

६४५ हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु तो नीट समजून घेतला पाहिजे. अर्थ हे झाडावरच्या फळांसारखे सुटे आणि मोजता येण्याजोगे नसतात. घोड्याचे धावणे आणि माणसाचे धावणे हे दोन अर्थ मानायचे की एक? नदीचे वाहणे आणि नळाचे वाहणे यांचे काय? विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश अशा छटा एकत्र करतो आणि काही डझन अर्थांवर थांबतो. ऐतिहासिक कोश त्या वेगळ्या करतो. जाळ्याची वीण जितकी बारीक, तितके मासे अधिक.

तरीही दोन अर्थ वेगळे आहेत की नाहीत हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात एकाच क्रियापदाला जुंपून पाहावेत. ‘त्याला भूक आणि तहान लागली’ हे वाक्य सरळ आहे. ‘त्याला भूक आणि नोकरी लागली’ असे म्हटले तर ऐकणारा हसतो. त्या हसण्याचे कारण असे की ‘लागणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ तेथे एकमेकांवर आदळतात. मराठीतील हे ‘लागणे’ अर्थांच्या बाबतीत ‘रन’पेक्षा फारसे मागे नाही. आग लागते, ठेच लागते, वेड लागते, निकाल लागतो, पैसे लागतात, दार लागते आणि जहाज किनाऱ्याला लागते. मराठी बोलणाऱ्याला यात काही विलक्षण वाटत नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला मात्र प्रत्येक ठिकाणी थबकावे लागते.

एका मुळाच्या फांद्या

अनेकार्थी शब्दांचे दोन प्रकार आहेत, ते प्रथम वेगळे केले पाहिजेत. इंग्रजीत लेखणीला ‘पेन’ म्हणतात आणि मेंढ्यांच्या किंवा लहान मुलांच्या कुंपण घातलेल्या आवारालाही ‘पेन’ म्हणतात. हे वस्तुतः दोन शब्द आहेत. पहिला पीस या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, दुसरा प्राचीन इंग्रजीतील आहे. काळाच्या ओघात दोघांचे रूप सारखे झाले इतकेच. ‘रन’ची गोष्ट तशी नाही. त्याचे अर्थ एकाच कुळातले आहेत आणि एकातून दुसरा कसा निघाला हे पुष्कळ अंशी दाखवता येते.

प्राचीन इंग्रजीत या धातूची दोन रूपे होती. एकाचा अर्थ स्वतः धावणे किंवा वाहणे, दुसऱ्याचा अर्थ दुसऱ्याला धावावयास लावणे. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्कँडिनेव्हियातील लोक येऊन राहिले. त्यांच्या भाषेतही या शब्दांची भावंडे होती. या साऱ्यांचे मिश्रण होऊन पुढे एकच ‘रन’ उरला. जर्मन भाषेत आजही वाहण्यासाठी ‘रिनेन’ आणि धावण्यासाठी ‘रेनेन’ असे दोन निराळे शब्द आहेत. तेव्हा नदीचे ‘रन’ करणे ही कवीने केलेली उपमा नव्हे. तो अर्थ धावण्याइतकाच जुना आहे.

येथून पुढचा प्रवास पायरीपायरीने झाला. धावणारा प्राणी जमिनीवर एक रेघ आखत जातो. ती रेघच डोळ्यांसमोर आली, की रस्ता, कुंपण किंवा डोंगरांची रांग अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत ‘रन’ करते असे म्हणता येते. येथे हालचाल उरलीच नाही, फक्त दिशा उरली. अवकाशातील ही रेघ काळावर ठेवली, की नाटक सहा महिने ‘रन’ करते आणि करार पाच वर्षे ‘रन’ करतो. चाके व पट्टे फिरू लागले तेव्हा यंत्र ‘रन’ करू लागले, आणि विसाव्या शतकात त्याच यंत्रावरून संगणकाचा कार्यक्रमही. यंत्राला ‘रन’ करणारा माणूस, त्यावरून कारखान्याला ‘रन’ करणारा मालक आणि शेवटी राज्याला ‘रन’ करणारे मंत्रिमंडळ, अशी ही साखळी आहे. तिची प्रत्येक कडी शेजारच्या कडीत अडकलेली आहे. परंतु पहिल्या कडीचा शेवटच्या कडीशी थेट संबंध दिसत नाही.

कधीकधी मूळ चित्र पुसले जाते आणि शब्द मात्र मागे राहतो. क्रिकेटमधील ‘रन’ याचे उत्तम उदाहरण आहे. फलंदाजांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळावे आणि अशा खेपा मोजाव्यात, हा मूळ हिशेब. पुढे सीमारेषा आली आणि तिच्यापार गेलेल्या चेंडूला चार किंवा सहा ‘रन’ मिळू लागले. आज फलंदाज एक पाऊलही न टाकता सहा ‘रन’ मिळवतो. मराठीने हा शब्द ‘धाव’ असा अनुवादून घेतला, आणि तिच्याही वाट्याला तेच आले. न धावता धावा निघू लागल्या.

बँकेवरील ‘रन’ची कथाही अशीच आहे. बँक बुडणार अशी वार्ता पसरली की ठेवीदार पैसे काढण्यासाठी धाव घेत. त्या झुंबडीला इंग्रजीत ‘रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. तेथे निदान माणसे रस्त्यावर दिसत तरी होती. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न झाला, तो मुख्यतः संगणक आणि दूरध्वनी यांच्याद्वारे. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. बँकेच्या दाराशी फारसे कोणी धावले नाही, तरीही तो ‘रन’च होता.

इंग्रजीतच असे का?

सर्वच भाषांत अनेकार्थी शब्द असतात. मग इंग्रजीतील लहान क्रियापदेच इतकी का फुगली? याचे एक कारण इंग्रजी व्याकरणाच्या जडणघडणीत आहे. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही रूपे वेगळी आहेत. दुकान चालते, मालक ते चालवतो. ‘धावणे’ हे क्रियापद आणि ‘धाव’ हे नाम यांतही रूपाचा फरक आहे. इंग्रजीत शब्दांचे जुने प्रत्यय झडून गेले. त्यामुळे स्वतः धावणे, दुसऱ्याला धावावयास लावणे आणि धावण्याची क्रिया या तिन्हींसाठी ‘रन’ हे एकच रूप उरले. मराठी कोशात जे ओझे तीन शब्द वाटून घेतात, ते इंग्रजीत एकट्याला वाहावे लागते.

दुसरे कारण म्हणजे क्रियापदाला चिकटणारी ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘इन्टू’ ही इवलीशी अव्यये. घरातील साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. जुना मित्र ‘रन इन्टू’ झाला म्हणजे अवचित भेटला. ‘रन ओव्हर’ म्हणजे मोटारीने कोणाला चिरडणे, भांडे भरून ओसंडणे, सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबणे किंवा टिपणावरून एकदा नजर फिरवणे. या चारांत एक जीवघेणा अपघात आहे आणि एक साधा गृहपाठ.

शिवाय इंग्रजी ही एकाच देशाची भाषा राहिली नाही. निवडणुकीला अमेरिकेचा उमेदवार ‘रन’ करतो, तर ब्रिटनचा उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीतही उमेदवार उभाच राहतो. स्त्रियांच्या पायमोज्याची वीण उसवली तर अमेरिकेत तिला ‘रन’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’, म्हणजे शिडी. एकाच गोष्टीकडे पाहून दोन समाजांच्या मनात वेगवेगळी चित्रे उमटली, एवढाच याचा अर्थ.

शब्दाचे सोबती

इतके अर्थ असताना इंग्रजी बोलणाऱ्यांचा गोंधळ कसा होत नाही? या प्रश्नाचा विचार फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात केला. शब्दाच्या अनेकार्थतेला आज जे पारिभाषिक नाव आहे ते त्यांनीच रूढ केले. ‘ऑपरेशन’ हा शब्द शल्यवैद्याने उच्चारला तर रुग्ण डोळ्यांपुढे येतो, सेनापतीने उच्चारला तर सैन्य आणि सावकाराने उच्चारला तर भांडवल. ऐकणाऱ्याला इतर अर्थ नाकारावे लागत नाहीत. ते त्याच्या मनात येतच नाहीत. प्रसंगच अर्थ निवडतो.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हाच विचार पुढे नेला. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. माणूस जसा त्याच्या संगतीवरून ओळखावा तसा शब्दही, हे त्यांच्या शिकवणीचे सार होय. ‘रन’च्या शेजारी ‘नाक’ आहे की ‘बँक’ आहे, यावर सर्व काही अवलंबून असते.

यंत्राकडून भाषांतर करून घेऊ पाहणाऱ्यांनाही याच संगतीचा आधार घ्यावा लागला. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये एक कल्पना मांडली. जाड कागदाला भोक पाडून पुस्तकातील एकेकच शब्द पाहिला तर त्याचा अर्थ ठरवता येणार नाही. पण भोक रुंद करून दोन्ही बाजूंचे काही शब्द दिसू दिले तर अर्थ बहुधा उलगडेल. १९६० मध्ये इस्राएलचे तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी त्यावर आक्षेप घेतला. एक लहान मूल खेळण्यांची पेटी शोधते आणि ती त्याला ‘पेन’मध्ये सापडते. हे ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, मुलाचे कुंपण घातलेले खेळण्याचे आवार, हे वाचणाऱ्याला लगेच कळते, कारण लेखणीत पेटी मावत नाही हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ते कोण सांगणार? आजची भाषांतरयंत्रे अफाट मजकुरातून शब्दांची संगत टिपतात आणि अशी पुष्कळ वाक्ये बरोबर सोडवतात. वीव्हर यांचे भोक आता फार रुंद झाले आहे. तरी जेथे संगतच अपुरी असते तेथे यंत्र काय आणि माणूस काय, दोघेही चुकू शकतात.

अर्थाची किंमत

ही चूक नेहमीच विनोदापुरती राहत नाही. समजा, न्यायालयाने एका आरोपीला दोन गुन्ह्यांसाठी सात वर्षांची आणि तीन वर्षांची अशा दोन शिक्षा दिल्या. इंग्रजी निकालपत्रात या शिक्षा कशा ‘रन’ कराव्यात हे लिहिलेले असते: एकाच वेळी, की एकामागून एक. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, न्यायालयाने तसा निर्देश दिला तरच अशा शिक्षा एकाच वेळी भोगावयाच्या असत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही याचा निर्णय न्यायालयानेच द्यावयाचा असतो. आता भाषांतर करणाऱ्याने ‘दोन्ही शिक्षा एकत्र चालतील’ असे लिहिले, तर कैद्याच्या घरच्यांनी काय समजावे? ‘एकत्र’ म्हणजे बेरीज करून दहा वर्षे, की एकाच वेळी, म्हणजे सात? शब्दकोशाच्या दृष्टीने भाषांतर चुकलेले नाही; तरी एका माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षे त्या वाक्यात हरवली आहेत. ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगावयाच्या आहेत’ असे लिहिले की शंका फिटते. इंग्रजीत शिक्षा ‘रन’ करते. मराठीत शिक्षा काहीच करीत नाही, माणूस ती भोगतो.

मुदतीचेही तसेच आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील कलम ९ असे सांगते की, दाव्याची मुदत एकदा ‘रन’ होऊ लागली म्हणजे नंतर उद्भवलेल्या असमर्थतेमुळे ती, कायद्याने दिलेले अपवाद सोडता, थांबत नाही. आजारी पडलेल्या शेतकऱ्याला ‘मुदत चालू आहे’ असे कोणी सांगितले, तर अजून अवकाश आहे असे त्याला वाटणे शक्य आहे. कायद्याला सांगावयाचे असते ते उलट: दिवस सरत आहेत. शब्द तोच, एकाला त्यात उसंत दिसते, दुसऱ्याला धोका.

म्हणूनच जाणता भाषांतरकार ‘रन’ दिसताच कोशातील अर्थांच्या रांगेत शोध घेऊ लागत नाही. धावते आहे ते काय, आणि त्या धावण्याने कोणाचे काय होणार आहे, हे तो आधी पाहतो. मग नदी वाहते, दुकान चालते, रस्ता जातो, ताप चढतो, साखर संपते, उमेदवार उभा राहतो आणि कैदी शिक्षा भोगतो. पाठ्यपुस्तकातील चित्रातला तो मुलगा तेवढा खरोखर धावत असतो.